बाहेरून कुलूप, आत आपण

पत्र (थोडं आवरून छापलं आहे)

ताई,

माझं वय चोपन्न. माहेर इंदूरचं, रामबागेतलं. १९९० साली मूर्तिकला शिकायला बडोद्याला फाइन आर्ट्सला आले आणि इथलीच होऊन गेले. आता मूर्तिकला म्हणाल तर वर्षातून एकदा, शाडूचे सात-आठ गणपती करते तेवढीच.

शिकत असताना शेवटी शेवटी आम्ही पाच जणांनी, तीन मुली आणि दोन मुलगे, गोरव्याच्या पलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याचं गोडाऊन भाड्याने घेतलं होतं. मालकाला सांगितलं, काम ठेवायला जागा हवी. इंदूरला सांगितलं, हॉस्टेलवर आहे. प्रत्यक्षात चौदा महिने तिथेच राहिलो. तसे दिवस पुन्हा आले नाहीत. पत्र्याला बारीक भोकं होती, सकाळी जमिनीवर उजेडाच्या चवल्या-पावल्या पडायच्या. रात्री दोनला कुणी तरी मोल्ड, म्हणजे साचा, भरायचा म्हणून सगळ्यांना उठवायचं आणि आम्ही उठायचो. एकाच पातेल्यात खिचडी, तीही चारकोलच्या हातांनी. मालकाच्या माणसाला संशय येऊ नये म्हणून रात्री शेवटी येणारा शटरला बाहेरून कुलूप घालायचा आणि मागच्या खिडकीतून आत उडी टाकायचा. एकदा एक जण थेट ओल्या मातीच्या पुतळ्यावरच पडला. किती हसलो असू आम्ही! पावसात सगळीकडून गळायचं, तेव्हा बादल्या मांडायच्या आणि त्यांच्या टपटपीवर गरबा. एकदा कोपऱ्यातली फडकी पेटली होती, पण थोडक्यात निभावलं. सगळं कसं भारलेलं होतं.

आता माझी मुलगी, तेवीस वर्षांची, फाइन आर्ट्समधूनच नुकती बाहेर पडली आहे. ती आणि तिचे चार मित्र-मैत्रिणी छाणीच्या बाजूला एक गोडाऊन बघून आलेत. तिथेच काम, तिथेच राहणं. मी विचारलं, "अगं, झोपणार कुठे?" तर म्हणाली, "आई, तुला नाही ते कळायचं."

माझ्या त्या चौदा महिन्यांबद्दल तिला काहीच माहीत नाही. यांना अर्धवट माहीत आहे, सासूबाईंना अजिबात नाही. मुलीला नाही म्हणावं तर मी ढोंगी. हो म्हणावं तर छातीत धस्स होतं, आणि ते का, हे मलाच सांगता येत नाही. शिवाय खरं सांगू? मला तिचा हेवाही वाटतो. काय करू?

एक बडोदेकर


उत्तर

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र साडेचार पानांचं आहे. त्यात बाहेरून लावायचं कुलूप दुसऱ्या पानावर आहे, हसत हसत लिहिलेलं. फडकी पेटल्याचं चौथ्या पानावर, एका ओळीत. मधली दोन पानं खिचडी, पाऊस आणि गरबा. मी पत्र एका दमात वाचलं आणि मलाही वाटलं, काय दिवस असतील! मग चहा टाकायला उठले, आणि गॅसपाशी उभी असताना ती दोन वाक्यं आपोआप शेजारी शेजारी येऊन बसली. फडकी पेटली ती रात्री का? रात्री असेल, तर शटरला कुलूप होतं. किल्ली आत कुणाच्या तरी खिशात, कुलूप बाहेर, आणि मधे लोखंडी पत्रा.

मला उत्तर कळवू नका, तुम्हाला ते ठाऊक आहे. धस्स का होतं ते सांगता येत नाही म्हणता, पण तुम्ही ते लिहिलंय. फक्त दोन पानं लांब लांब लिहिलंय.

आणि हे इतकी वर्षं तुमच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटत नाही. तीस वर्षांत ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितलीच नाही. सांगितली असती तर ऐकणाऱ्याने, अगदी एखाद्या भोचक मावशीनेही, मधेच विचारलं असतं, "अगं, मग तेव्हा बाहेर कशा आलात?" मनातल्या मनात सांगितलेल्या गोष्टीला असं मधे कुणी बोलत नाही. ती घोळून घोळून गुळगुळीत होते.

आता फडक्यांबद्दल. तुम्ही "पेटली" असं लिहिलंय, कुणी पेटवली ते लिहिलेलं नाही. बहुधा कुणीच पेटवली नसतील. पाचात एक-दोघं तरी तैलरंगवाले असणार. तैलरंगात असतं लिन्सीड ऑइल, म्हणजे आपलं अळशीचं तेल. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि तसं होताना गरम होतं. कॅनव्हासवर पातळ थर असतो, ती उष्णता कुणाला जाणवतही नाही. पण तेच तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली की आतली ऊब आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी ती फडकी काडी न लावता पेटू शकतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या रावपुऱ्यातल्या जुन्या घराला सागवानी दारं होती. एका दिवाळीच्या आधी मी मोठ्या हौसेने त्यांना अळशीचं तेल चोळलं, फडकी एका प्लास्टिकच्या बादलीत कोंबली आणि बादली जिन्याखाली सरकवली. रात्री जेवणं झाल्यावर जिन्यापाशी काही तरी करपल्यासारखा वास यायला लागला. आम्ही स्वयंपाकघर धुंडाळतोय, देवघर बघतोय. शेवटी बादलीत हात घातला तर वरची फडकी गार, आणि आतला बोळा तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखा. मी तो अंगणात फेकला. तेव्हापासून तेलाचं फडकं मी उघड्यावर दोरीवर पसरून वाळवते, नाही तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावते. तुमच्या लेकीच्या गोडाऊनमध्ये असा डबा पहिल्या दिवसापासून हवा. खर्च शून्य, जुना तेलाचा डबा चालतो.

तर मग नाही म्हणायचं का? मुळीच नाही.

लेकीची गरज खरी आहे. आठ फुटी काम करायचं तर फ्लॅटमध्ये कुठे करणार? पंखाच आडवा येतो. मूर्तिकाराला उंची लागते, टेम्पो आत येईल एवढं दार लागतं, दगड फोडताना आवाजाला शेजारी हरकत घेणार नाही अशी वस्ती लागते. हे सगळं गोडाऊनमध्येच मिळतं. आणि बरोबरीच्या चार जणांची नजर लागते, जे तुमचं काम बघून रात्री अकराला तोंडावर सांगतील की हे फसलंय. कॉलेज संपलं की ती नजर एका दिवसात बंद होते. तुम्हीच बघा ना, तुम्ही लग्नानंतर गणपतींवर का आलात? हात तर गेले नव्हते. अवतीभवती उठवायला कुणी राहिलं नाही, माझा अंदाज असा.

शिवाय ही तऱ्हा बडोद्याला नवी नाही. १९५० साली फाइन आर्ट्सची फॅकल्टी सुरू झाली, तुमच्याच इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवायला आले, शंखो चौधुरी मूर्तिकलेला आले. तेव्हापासून इथे मास्तर आणि विद्यार्थी एकमेकांच्या घरात आणि कामात असेच घुसलेले आहेत. चित्रकार भूपेन खख्खर १९६२ मध्ये मुंबई सोडून बडोद्याला आले. पुढे गुलाममोहम्मद शेख आणि खख्खर यांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' नावाचं नियतकालिक काढलं, त्याचा पत्ता होता विद्यापीठाच्या आवारातला रेसिडेन्सी बंगलो. राहायची जागा आणि नियतकालिकाचा पत्ता एकच! खख्खरांनी त्या बंगल्याचं चित्रही केलंय. आज अलेंबिक या औषध कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या इमारतींत स्टुडिओ आणि संग्रहालय आहे, तेही तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा मुलीला काही खूळ लागलंय अशा सुरात बोलू नका. ती ज्या गावात वाढली त्या गावाचीच चाल चालते आहे.

खख्खरांची आणखी एक गोष्ट तिला जरूर सांगा. ते चार्टर्ड अकाउंटंट होते, आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बरीच वर्षं एका कारखान्यात अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत राहिले. गोडाऊनचं भाडं पाचांत वाटलं की थोडं वाटतं. सहा महिन्यांनी एक जण रेसिडेन्सीला, म्हणजे दुसऱ्या गावी काही काळ राहून काम करायला, जातो, एकीचं लग्न ठरतं, आणि पाचांचं भाडं तिघांवर येतं. अनामत रक्कम कुणाच्या नावावर आहे, मधेच जाणाऱ्याला किती परत मिळणार, हे कागदावर लिहा. मैत्री असताना लिहून होतं. बिनसल्यावर कुणी लिहीत नाही.

आता जरा लांबचं सांगते, कारण लेक इंटरनेटवरची परदेशी गोडाऊनं बघूनच भाळली असणार, हे मी पैजेवर सांगते.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात दुसऱ्या महायुद्धानंतर छोटे कारखाने उठायला लागले आणि उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे मजले ओस पडले. चित्रकारांनी ते स्वस्तात घेतले. तिथे राहणं बेकायदा होतं, म्हणून तपासणीस आला की गाद्या लपवायच्या, शेगडी कपाटात ढकलायची. ओळखीचं वाटतंय ना? त्या भागात आगी इतक्या लागत की बंबवाले त्याला 'नरकाचे शंभर एकर' म्हणत. १९६१ मध्ये चित्रकारांच्या संघटनेने शहराशी भांडून एक तडजोड केली. बाहेर पडायला दोन वाटा असतील तर राहू देऊ, पण इमारतीच्या दारावर एक पाटी लावायची: 'ए.आय.आर.', आणि पुढे मजला. (आपल्या पिढीला ए.आय.आर. म्हटलं की आकाशवाणी आठवते. इथे अर्थ होता 'आर्टिस्ट इन रेसिडन्स'.) ती पाटी दिमाखाची नव्हती. रात्री बंब आला तर वरच्या मजल्यावर माणसं झोपलेली आहेत, नुसता माल नाही, हे त्या लोकांना कळावं म्हणून होती. तुम्ही बाहेर कुलूप लावून सांगत होता, आत कोणी नाही. ते पाटी लावून सांगत होते, आत आम्ही आहोत.

आणि दुसरी गोष्ट वाईट आहे, पण ती वगळून चालणार नाही. कॅलिफोर्नियात ओकलंड शहरात असंच एक दुमजली गोडाऊन होतं, कलाकार त्यात राहत. परवानगी फक्त माल साठवण्याची. आत जुने पियानो, गालिचे, लाकडाच्या खोल्याच खोल्या, दिसायला मायाबाजार. वर जाणारा एक जिना तर माल ठेवायच्या लाकडी पॅलेटचा केलेला. आग लागली तर पाणी फवारणारी सोय नाही. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री वरच्या मजल्यावर गाण्याचा कार्यक्रम होता, खाली आग लागली. ३६ माणसं गेली, बहुतेक जण धुराने. बरीचशी विशी-तिशीतली. आग नेमकी कशाने लागली ते तपासात शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. वायरिंगवर संशय होता, पण पुरावा जळून गेला होता.

त्यानंतर काय झालं हेही बघण्यासारखं आहे. बाल्टिमोर आणि डेनव्हरमध्ये त्याच महिन्यात अशा जागांची तपासणी होऊन तिथल्या कलाकारांना बाहेर काढलं. म्हणजे कळवावं तर जागा जाते आणि लपवावं तर जीव धोक्यात. पोरं लपवतात ती काही उगाच नाही, आणि तुम्हीही उगाच लपवलं नव्हतं. म्हणून "सरळ परवानगी काढा" असं तोंडभर सांगून मी मोकळी होणार नाही. औद्योगिक शेडमध्ये राहायची परवानगी मिळत नसते, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि मालकालाही माहीत आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. गोडाऊन घ्या, पण झोपू नका. दिवसभर काम, रात्री बारा वाजेपर्यंत काम, हवं तर मोल्ड भरायचा म्हणून दोनला उठणंसुद्धा. पण पाठ टेकायला चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्यांचं घर, पाचांत मिळून. म्हणजे लपवायला काही उरतच नाही. भाडेकरारात स्टुडिओ लिहिता येतो, विजेचं कनेक्शन खऱ्या वापराचं घेता येतं, मालकाचा माणूस आला तर त्याला चहा पाजता येतो. ती म्हणेल, परवडणार नाही. आकडे मांडायला लावा. गोडाऊनमध्ये राहायचं तर मोरी, संडास, पाण्याची टाकी, पोटमाळा, कूलर हे सगळं स्वतःच्या खिशातून करावं लागतं आणि सोडताना मालकाच्या घशात जातं. बेरीज केली की फरक फार राहत नाही. ती म्हणेल, मजाच गेली. थोडी जाईल, हे कबूल करा.

झोपण्यावर एवढा जोर का, तेही सांगते. जागा माणूस वास ओळखतो, खोकतो, उठून बाहेर जातो. झोपलेला नाही. फायबरचं काम होणार असेल, आणि हल्ली सगळे करतातच, तर रेझिनची वाफ रात्रभर छातीत जाणार. त्यातला हार्डनर आणि कोबाल्ट यांच्या बाटल्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या आणि ते दोन्ही कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच दुसरं. हे तिला कॉलेजात शिकवलं असेल. पण अर्धवट झोपेत, अंधारात, दुसऱ्याच कुणी बाटली उचलली तर? टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांपासून पेट घेण्याजोगी होते, आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली किती होतं ते तुम्ही चौदा महिने भोगलंय. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. तुमच्या गाद्या कुठे असत? जमिनीवरच ना.

तेव्हा पहिलं काम, लेकीबरोबर ती जागा बघायला जा. परवानगी देणारी आई म्हणून जाऊ नका, चौदा महिने राहिलेली बाई म्हणून जा. भर दुपारी जा, म्हणजे पत्रा काय करतो ते कळेल. मागे दार आहे का बघा. दार आहे आणि त्याला टेकवून कुणी तरी भंगार रचून ठेवलंय, असंच बहुधा दिसेल. ते हलवल्याशिवाय करारावर सही नको. शटर हाताचं की मोटरचं? मोटरचं असेल तर वीज गेल्यावर ते हाताने उचलता येतं का, हे तिथल्या तिथे मेन स्विच पाडून बघा. मालक तोंड वाकडं करेल, करू दे. मीटरवर किती किलोवॅटचा भार मंजूर आहे ते वाचा आणि वेल्डिंगचं मशीन त्यावर चालेल का, हे गुगलला नको, वायरमनला विचारा. अर्थिंग तपासून घ्या. एका बोर्डाला एक्स्टेंशन, त्याला आणखी एक, असली मुंग्यांची रांग दिसली तर सगळं उपटायला लावा. वेल्डिंग आणि टर्पेंटाइन गोडाऊनच्या दोन टोकांना. मधे पडदा टांगून भागत नाही, अंतर हवं.

पाण्याचंही विचारा. विश्वामित्रीने २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये शहराला काय दाखवलं ते आपण पाहिलंय. दारात मगर आली की नाही एवढंच आपण एकमेकींना विचारत होतो. मालक म्हणेल, आमच्याकडे थेंबही येत नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा. पुराची रेघ त्याच्या टपरीवर अजून दिसत असेल, आणि त्याला भाडं मिळवायचं नसतं. प्लास्टरची पोती, कागदावरची कामं त्या रेघेच्या वर जातील असे रॅक लागतील.

मुलं-मुली एकत्र, लोक काय म्हणतील, हे तुम्ही पत्रात तीनदा विचारलंय. तेवीस वर्षांची मुलगी आहे. लोकांनी तुमच्या वेळीही म्हटलं असतं, त्यांना कळलं नाही म्हणून राहिलं. सासूबाईंना सांगायची मला तरी घाई वाटत नाही.

मुलीला मात्र सांगा, आणि या आठवड्यात सांगा. कसं सांगायचं यात एक पथ्य आहे. पत्र्यातून पडणाऱ्या उजेडाने सुरुवात करू नका. तिथून सुरुवात केलीत तर ती डोळे मोठे करून ऐकेल, तुम्हीही रंगात याल, आणि कुलपापर्यंत पोचाल तेव्हा तो किस्सा झालेला असेल. कुलपाने सुरुवात करा. त्या रात्री काय काय झालं, आधी कोण जागं झालं, पाणी होतं का, खिडकीपाशी धक्काबुक्की झाली का, कुणाचा हात भाजला आणि डॉक्टरला काय थाप मारली, ते सगळं. शक्य असेल तर गोरव्याला तिला घेऊन जा आणि तिथे उभं राहून सांगा. ती जागा कदाचित पाडलीही असेल. रस्ता तर असेल. येताना सेव-उसळ खा. उजेडाच्या चवल्या-पावल्या तेव्हा सांगा, त्या तुमच्याच आहेत, पळून जात नाहीत.

ती चिडेल. "तू केलंस ते चाललं आणि मला अडवतेस?" हे वाक्य येणारच, कान तयार ठेवा. उत्तर म्हणून एवढंच सांगा की मी अडवत नाही, मी बरोबर येतेय जागा बघायला. आणि तुला कळायचं नाही म्हणालीस, तर मोल्ड कसा भरतात ते एकदा दाखवते. यांनाही त्याच दिवशी उरलेलं अर्धं सांगून टाका. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायको खिडकीतून उडी मारत होती हे ऐकून धक्का बसेल असं मला वाटत नाही. हसतीलच.

राहिला हेवा. तो तुम्ही लिहिलात म्हणून मला तुम्ही आवडलात. हेवा वाटला तर कोपरा मागा. खरंच म्हणते. पाचांऐवजी सहा जणांत भाडं वाटलं तर पोरांनाही हवंच आहे. आठवड्यातून तीन दुपारी जा, आपलं स्टॅंड वेगळं, आपली माती वेगळी झाकलेली. त्यांच्या रात्रींत नाक खुपसू नका, सातला घरी या. लेकीला विचारून, हे वेगळं सांगायला नको. ती नाही म्हणाली तर नाही. शाडूच्या गणपतींना तुमच्या घरची गच्ची पुरते, पण तुमच्या पत्रात मोल्ड भरण्याची जी अडीच ओळ आहे ती गच्चीत बसून गणपती करणाऱ्या बाईची नाही.

आणि जागा बघायला जाल तेव्हा साडी नको, पंजाबी ड्रेस घालून जा. मागच्या बाजूला दार नसेल आणि मालक खिडकी दाखवून म्हणाला, "ही आहे ना बाहेर पडायला," तर ती खिडकी तुम्ही स्वतः ओलांडून बघा. चोवीस वर्षांच्या गुडघ्यांनी नाही, आताच्या. नाही जमलं, तर दुसरी जागा शोधा म्हणावं.